गुडघ्यामागची निळी रेघ

वाचकहो, छत्तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. दरवर्षी रक्ताभिसरणाचा पाठ आला की मी फळ्यावर मानवी देहाची आकृती काढीत असे. हृदयापासून रक्त दूर नेणाऱ्या रोहिणी लाल खडूने आणि ते परत आणणाऱ्या नीला निळ्या खडूने. लाल रेघांवर माझा बराच वेळ जाई, कारण नाडी कुठे लागते, ती का उडते, हे मुलांना मनगट धरून दाखवता येई. निळ्या रेघा मात्र तास संपत आला की भराभर ओढल्या जात. “या फक्त परतीच्या वाटा,” एवढे सांगून मी खडू खाली ठेवीत असे. निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी त्याच निळ्या रेघेने मला एक अख्खी रात्र जागवले आणि मी स्वतः कधी नीट न शिकवलेला धडा माझ्याकडून करून घेतला. घरात वडीलधारे माणूस असलेल्या प्रत्येकाला तो धडा ठाऊक असावा, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

आम्ही सावेडीत राहतो. पाइपलाइन रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, दुमजली घराच्या तळमजल्यावर. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त पुण्याला, त्यामुळे घरात आम्ही दोघेच. ही गोष्ट 2023 च्या जुलैमधील. यजमान तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता आणि तेव्हापासून रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी रोज चालू होती. प्रकृती मात्र ठणठणीत. पहाटे भिस्तबाग महालापर्यंत चालत जायचे, येताना दूध आणायचे, हा नेम पाऊस असला तरी चुकत नसे.

घराच्या खिडक्यांना आम्ही नुकत्याच सरकत्या काचा बसवून घेतल्या होत्या. जुन्या काचा मागच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. भंगारवाला आला की देऊन टाकू, असे म्हणता म्हणता दोन महिने लोटले होते. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कपडे वाळत घालायची दोरी सैल झाली म्हणून यजमान स्टुलावर चढले. उतरताना पाय घसरला आणि ते मागच्या मागे त्या काचांवर कोसळले.

मी धावत गेले तेव्हा उजव्या गुडघ्याच्या मागच्या खळगीतून रक्त वाहत होते. ते चिळकांडी उडावी तसे उडत नव्हते. काळसर रंगाचे, संथ, पण न थांबणारे असे ते ओघळत होते. जखम पाहिली तर जेमतेम दोन बोटांची. माझा पहिला हात गेला तो त्याच तुटलेल्या दोरीकडे. मांडीला आवळून बांधावी असे मनात आले. तेवढ्यात आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली आले. ते लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आमचे नगर हे लष्कराचेच गाव, त्यामुळे अशी माणसे इथे गल्लोगल्ली आहेत. ते म्हणाले, “वहिनी, दोरी नको. स्वच्छ टॉवेलची घडी करा, जखमेवर दाबा आणि दाबूनच ठेवा. उचलून बघू नका.”

यजमानांना आडवे करून, पाय उशीवर उंच ठेवून मी दोन्ही तळहातांनी दाबून बसले. सुभेदार घड्याळ पाहत होते. दर दोन मिनिटांनी मला टॉवेल उचलून पाहावेसे वाटे आणि दर वेळी ते मला थांबवीत. पंधरा मिनिटांनी रक्त थांबले. दोरी का नको, हे मला नंतर समजले. नीलेतील रक्ताचा दाब अगदी कमी असतो आणि रोहिणीतील पुष्कळ अधिक. बारीक दोरी आवळली की वरवरच्या नीला मिटतात, पण खोल असलेली रोहिणी वाहतच राहते. मग पायात रक्त येत राहते, परतीची वाट मात्र बंद होते, आणि रक्तस्राव थांबण्याऐवजी वाढतो. नीला फाटलेली असताना नेमका आणि सलग दाब हाच खरा उपाय. काचेचा तुकडा आतच रुतलेला असेल तर मात्र तो ओढून काढू नये. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे.

सुभेदारांच्याच गाडीतून आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. तिथे जखम धुतली, एक्स-रे काढला. हाड शाबूत होते, आत काच राहिलेली नव्हती. टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. “सूज आली किंवा दुखणे वाढले तर थांबू नका, लगेच या,” असेही बजावून सांगितले. त्याआधी डॉक्टरांनी विचारले होते, “यांना काही औषधे चालू आहेत?” मी म्हणाले, “रक्तदाबाची गोळी.” हृदयाची ती दुसरी गोळी माझ्या तोंडून निसटली. पाच वर्षे रोज रात्री जी मी स्वतःच्या हाताने त्यांना देत आले, तीच त्या क्षणी आठवली नाही. वाचकहो, ही चूक माझी आणि फक्त माझी. ती लपवून हा लेख लिहिता आला असता, पण मग लिहिण्यात अर्थ उरला नसता.

दुपार बरी गेली. संध्याकाळी त्यांना पाय जड वाटू लागला. रात्री जेवण झाल्यावर ते म्हणाले, “पोटरीत काहीतरी भरल्यासारखं वाटतंय.” मी तळपायाला हात लावून पाहिला. पाय चांगला ऊबदार होता. पावलाच्या वरच्या बाजूला नाडीही लागली. माझ्या मनावरचे ओझे उतरले. पाय थंड पडला, पांढरा पडला, नाडी हरवली, तर रोहिणीला इजा झाली असे समजावे, हे मला ठाऊक होते. वर्गात मी तेच सांगत आले होते. इथे पाय तर गरम होता, मग काळजी कसली?

इथेच माझी दुसरी चूक झाली. थंड आणि फिकट पाय हे लाल रेघ तुटल्याचे लक्षण. निळी रेघ तुटली तर चित्र बरोबर उलटे असते. रक्त पायात पोहोचत असते, म्हणून पाऊल ऊबदार राहते, नाडीही लागते. पण परतीची वाट अडलेली असते, म्हणून पाय फुगतो, ताणला जातो, जड होतो, त्याचा रंग निळसर-जांभळा होऊ लागतो. ऊबदार पाय पाहून घरचे निर्धास्त झोपतात आणि आत पोटरी भरत जाते.

शेजारच्या एका काकू विचारपूस करायला आल्या होत्या. त्या जाताना म्हणाल्या, “मुका मार आहे, रक्त साकळलं असेल. तिळाचं तेल कोमट करून जरा चोळून द्या, मोकळं होईल.” आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर हा सल्ला असतोच आणि तो प्रेमानेच दिलेला असतो. मी तेल कोमट केले आणि वाटी घेऊन त्यांच्या पायाशी बसले. पण पोटरीवर हात टेकवताच तो आपोआप मागे आला. पोटरी लाकडासारखी टणक लागली होती. हात नुसता टेकला तरी ते कळवळले. मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. आज वाटते, त्या दिवशी माझ्या हातून घडलेल्या मोजक्या शहाणपणाच्या गोष्टींपैकी ही एक. नीलेत गुठळी झालेली असेल तर चोळण्याने ती सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकू शकते, आणि तो प्रसंग जिवावर बेततो.

मुलांना मी नेहमी सांगत असे, “शंका आली की मोजा.” घरी ब्लाउज शिवण्याची माझी फीत मशीनच्या खणात होती. ती काढली. दोन्ही पायांवर गुडघ्याच्या वाटीपासून सारख्याच अंतरावर पेनाने खूण केली आणि पोटरीचा घेर मोजला. डावी 33 सेंटिमीटर, उजवी 35. दिनदर्शिकेच्या पानामागे आकडे आणि वेळ लिहून ठेवली: रात्रीचे अकरा. यजमान म्हणाले, “अगं, पाय गरम आहे ना? मग झालं. सकाळी बघू. पोराला उगाच उठवू नकोस.” आणि मीही “सकाळी बघू” म्हणाले. दवाखान्यात सूज आल्यास लगेच यायला सांगितले होते, हे मला आठवत होते. पण रात्रीची वेळ, बाहेर पाऊस, आणि नवऱ्याचा शब्द. तुमच्यापैकी किती जणांच्या घरात किती दुखणी या दोन शब्दांवर रात्रभर थांबली असतील!

रात्री दोन वाजता त्यांच्या कण्हण्याने जाग आली. पुन्हा फीत लावली. उजवी पोटरी साडेसदतीस. तीन तासांत अडीच सेंटिमीटर वाढ. पायाची बोटे मी हलकेच वर उचलली तर ते ओरडलेच. बोटांच्या टोकांना बधिरपणा आला होता. कातडी चकचकीत, जांभळट दिसत होती. आता मनात वाद उरला नाही. दोन आकडे समोर होते आणि ते वाढत होते. मी 108 क्रमांकावर फोन केला, सुभेदारांना उठवले आणि औषधांचा अख्खा डबा पिशवीत घातला. या वेळी काही विसरायचे नव्हते.

शहरातील मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी प्रथम तो डबा पाहिला, मग रंगीत डॉपलर तपासणी केली. पडद्यावर लाल आणि निळे प्रवाह दिसत होते. मला माझा फळा आठवला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सांगितले की यंत्रातील हे रंग रक्त कोणत्या दिशेने वाहते ते दाखवतात. रोहिणी आणि नीला शेजारी असून उलट दिशांनी वाहतात, म्हणून दोन रंग. एक प्रवाह सलग होता. दुसरा गुडघ्यामागे येऊन तुटलेला होता. तिथे रक्ताचा मोठा गोळा साचला होता आणि खाली गुठळी धरू लागली होती. काचेच्या टोकाने गुडघ्यामागची मुख्य नीला फाडली होती. वरून आम्ही दाब दिला, टाके पडले, कातडी मिटली. पण आत ती झिरपतच राहिली, आणि रक्त गोठू न देणाऱ्या गोळीने त्या झिरपण्याला साथ दिली.

थोडे शरीररचनेविषयी सांगते, कारण ते समजले की पुढचे सारे समजते. गुडघ्यामागच्या खळगीत तीन महत्त्वाच्या गोष्टी एकमेकींवर रचलेल्या असतात. मागच्या बाजूने, कातडीकडून आत जाऊ लागले तर आधी पायाकडे जाणारी मुख्य नस म्हणजे मज्जातंतू लागतो, त्याखाली नीला, आणि सर्वांत खोल, हाडाला टेकून रोहिणी. म्हणून मागून घुसलेली काच, पत्रा किंवा कोयत्याचे टोक रोहिणीच्या आधी नीलेपर्यंत पोहोचू शकते. गुडघा निखळला तर मात्र हाडाला बिलगलेल्या रोहिणीला अधिक धोका असतो. त्यात पायाला रक्तच मिळेनासे होते आणि साधारण सहा तासांच्या आत ते पुन्हा सुरू करावे लागते. निखळलेला गुडघा कधी कधी आपसूक जागेवर बसतो आणि एक्स-रे निर्दोष येतो. हाड ठीक आहे याचा अर्थ पाय ठीक आहे, असा कधीच घेऊ नये.

आपल्या पूर्वजांनाही या जागेचे मोल माहीत होते. सुश्रुतसंहितेत एकशे सात मर्मे सांगितली आहेत. त्यांत गुडघ्याच्या सांध्याचे ‘जानु’ हे मर्म आहे, ज्याला इजा झाल्यास लंगडेपणा येतो. पोटरीच्या मध्यावर ‘इंद्रबस्ति’ आहे, ज्याच्या इजेने रक्त जाऊन मृत्यू ओढवू शकतो. नावे वेगळी, काळ वेगळा, पण निरीक्षण खरे.

आणि ही नीला केवळ परतीची वाट नव्हे, हेही मला तेव्हाच उमगले. पायातील रक्ताला गुरुत्वाच्या विरुद्ध वर चढायचे असते. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात आणि खोल नीलांतील रक्त वर ढकलतात. नीलांमधील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. या झडपांचे काम विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये छापलेल्या पुस्तकात हातावरील शिरा दाबून दाखवले होते. म्हणूनच पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. पोटरीतून वर चढणारे बरेचसे रक्त गुडघ्यामागच्या या एका नळीतून जाते. ती तुटली की मागे राहिलेले रक्त पोटरीतच कोंडते. पोटरीचे स्नायू चार घट्ट कप्प्यांत बांधलेले असतात आणि ती आवरणे फारशी ताणत नाहीत. आतला दाब वाढला की स्नायू आणि मज्जातंतू गुदमरू लागतात. त्यांच्या बोटांचा बधिरपणा हा त्या गुदमरण्याचा आवाज होता.

पुण्याला न्यावे लागेल असे ठरले. पहाटे रुग्णवाहिका निघाली. केडगाव, सुपा, शिरूर, रांजणगाव, वाघोली अशी गावे अंधारातून मागे जात होती. मी त्यांच्या उशाशी बसून एकच विचार करीत होते: अकरा वाजताच निघालो असतो तर. मुलगा रुग्णालयाच्या दारातच उभा होता. त्याने काहीच विचारले नाही, नुसता माझा हात धरला.

शस्त्रक्रिया जवळजवळ चार तास चालली. साचलेले रक्त काढले. फाटलेल्या नीलेचा तुकडा कापून त्या जागी डाव्या मांडीतील एका वरवरच्या शिरेचा तुकडा जोडला. पोटरीवर दोन्ही बाजूंनी लांब छेद देऊन कप्प्यांतील दाब मोकळा केला. ते छेद तसेच उघडे ठेवून काही दिवसांनी बंद केले. पट्टी बदलताना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा भोवळ आली. पण सर्जन म्हणाले, “आजी, हे छेद दिसायला भयंकर आहेत. पण यांच्यामुळेच पाय वाचला.”

पुढच्या तीन आठवड्यांत रुग्णालयात बसून मी बरेच वाचले, बरेच विचारले. दोन गोष्टी मनात घर करून राहिल्या. 1894 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिऑन शहरात सुरीहल्ला झाला. यकृताकडे रक्त नेणारी मोठी नीला फाटली होती आणि देशातील उत्तम सर्जन जवळ असूनही ते वाचले नाहीत, कारण रक्तवाहिनी शिवण्याची रीत तेव्हा प्रस्थापित नव्हती. त्याच शहरात शिकणारा अलेक्सी कारेल हा तरुण त्या मृत्यूने अस्वस्थ झाला. बारीक सुई आणि रेशमी धागा चालवायला तो तिथल्या भरतकाम करणाऱ्या एका बाईकडून शिकला. 1902 मध्ये त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि 1912 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. यजमानांच्या पायातील टाके त्याच परंपरेतले. माझ्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बाईला याचा अभिमान वाटला, हे कबूल करते.

दुसरी गोष्ट युद्धांची. पहिल्या महायुद्धाच्या काळात रोहिणी बांधावी लागली तर शेजारची नीलाही बांधून टाकावी, असे मत ब्रिटिश सर्जन जॉर्ज मेकिन्स यांनी मांडले होते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांच्या नोंदी 1946 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत गुडघ्यामागची रोहिणी जखमी झालेल्यांपैकी दहांत सातांचे पाय कापावे लागल्याचे दिसते. कोरियाच्या युद्धात रोहिणी शिवण्याची पद्धत रुळली आणि पाय वाचू लागले. नीलेकडे मात्र तरीही दुर्लक्षच होते. व्हिएतनामच्या युद्धानंतर नॉर्मन रिच या लष्करी सर्जननी हजारो जखमींच्या नोंदी ठेवून दाखवून दिले की गुडघ्यामागची नीला बांधून टाकली तर पायाला सूज राहण्याचे प्रमाण शिवलेल्यांपेक्षा खूप जास्त असते. म्हणून शक्य असेल तेथे ती शिवावी. रुग्णाचा जीवच धोक्यात असेल तर आजही ती बांधावी लागते. तो निर्णय सर्जनचा. पण निळ्या रेघेला मान मिळायला मोठमोठ्या डॉक्टरांनाही इतकी वर्षे लागली, हे वाचून माझ्या फळ्याबद्दलची लाज थोडी कमी झाली.

घरी आल्यावर खरी सेवा सुरू झाली. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना उपयोगी पडेल ते सांगते. निजताना पाय हृदयापेक्षा थोडा उंच ठेवावा, पण गुडघ्याच्या नेमके खाली उशी सारू नये. त्याने तीच जागा दाबली जाते. उशी पोटरी आणि टाचेखाली हवी. डॉक्टरांनी दाबाचे मोजे सांगितले असतील तर ते सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवण्यापूर्वी चढवावेत. गुडघ्यामागे त्यांच्या वळ्या पडू देऊ नयेत, कारण वळी म्हणजे आवळलेली दोरीच. डॉक्टर परवानगी देतील तेव्हापासून थोडे थोडे चालावे. बसल्या जागी पावले वर-खाली करावीत, म्हणजे पोटरीचा पंप चालू राहतो.

गुठळी होऊ नये म्हणून त्यांना काही महिने रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागले. त्यासाठी ठरावीक दिवसांनी आयएनआर ही रक्ततपासणी होती. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्या बंद करायच्या नव्हत्या, पण रोज साधारण सारख्या प्रमाणात द्यायच्या होत्या; एक दिवस भरपूर, चार दिवस काहीच नाही, असे चालत नसे. अंगदुखीची गोळी मनाने द्यायची नाही, काढे आणि चूर्णेही विचारल्याशिवाय नाहीत. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, डोक्याला मार, यांतले काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जायचे. आणि अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, तर क्षणही न दवडता 108 लावायचा.

आज दोन वर्षे होऊन गेली. यजमान काठी घेऊन चालतात. महालापर्यंत नाही, भिस्तबाग चौकापर्यंत. संध्याकाळी पाय थोडा सुजतो, पोटरीवरच्या व्रणांना थंडीत खाज सुटते. कधी ते म्हणतात, “तुझ्या त्या फितीनं वाचवलं गं.” मी काही बोलत नाही. फितीने वाचवले हे खरे, पण अकरा ते दोन हे तीन तास माझ्याच होते, आणि त्या गोळीचे नावही मीच विसरले होते. या दोन्ही गोष्टींचे ओझे मी मनातून काढून टाकू शकलेले नाही. काढावे असे वाटतही नाही. त्या ओझ्यानेच घरातील काही सवयी बदलल्या.

आमच्या फ्रीजच्या दारावर आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दोघांच्या सगळ्या औषधांची नावे, ती कशासाठी आहेत, किती वाजता घ्यायची, पूर्वी कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या आणि कोणाला फोन करायचा हे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. त्याचीच एक प्रत यजमानांच्या पाकिटात आणि एक माझ्या पर्समध्ये असते. रुग्णालयाच्या फाइलमध्ये जुने कागद अहमदनगरचे आहेत, नव्या तपासण्या अहिल्यानगरच्या, पण सगळे तारखेनुसार लावलेले. शिवणाची फीत खणातून निघून त्यांच्या उशाजवळच्या खुंटीवर आली आहे. जुन्या काचा मी रुग्णालयातून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी देऊन टाकल्या.

वाचकहो, हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एवढेच करा. एक कागद घ्या आणि घरातील वडीलधाऱ्यांची औषधे लिहून काढा. मागच्या दारी, गॅलरीत, जिन्याखाली काच, पत्रा, मोडका स्टूल असे काही पडले असेल तर आजच हलवा. आणि कधी कोणाच्या गुडघ्याला मार लागला, तर नुसता पाय गरम आहे म्हणून दिवा मालवू नका. दुसऱ्या पायाशी ताडून पाहा, मोजा, लिहून ठेवा. आकडा वाढला, पोटरी टणक लागली, बोटे हलवताना कळ आली, तर घड्याळात किती वाजले आहेत ते पाहू नका. सकाळची वाट पाहायची नाही. निघायचे.